तिच्या नावावरचा फोन

सोमवारी सकाळी आम्ही दोघं टेलिफोन ऑफिसात गेलो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधंसुधं काम म्हणावं असं ते शेवटचं. त्यातही मी तिच्याशी खोटं वागलो. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला चांगला माणूस समजायला नको.

घरातला फोन सात महिने मुका होता. उचलून कानाला लावला तर खरखरसुद्धा नाही. दर महिन्याला मी ऑफिसात जाऊन तक्रार करून येतो असं बायकोला वाटत होतं. त्या दिवशी ती चपला घालून दारात उभी राहिली. म्हणाली, "आज मी येतंय तुमच्या वांगडा. माका बघून तरी त्यांका लाज वाटात."

तिचे गुडघे गेलेले. लालबागच्या पुलाखालून रस्ता ओलांडायला आम्हाला दोन सिग्नल लागले. वाटेत ती दोनदा थांबली. एकदा दुकानाच्या पायरीवर बसली आणि दुकानदाराशी त्याच्या सुनेच्या बाळंतपणाचं बोलली. मी पुढे जाऊन उभा राहिलो. माझी सवयच ती.

ऑफिसात पंख्याखाली बाक होता, तिथं तिला बसवलं आणि मी खिडकीशी गेलो. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, "साहेब, किती वाजले?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. मी मान हलवली, थोडं थांबलो, पुन्हा मान हलवली आणि परत आलो.

"बोट खय दाखवत होतो तो?" तिने विचारलं.

"लाइनमन आतल्या खोलीत बसतो म्हणता. आठवड्याभरात येतलो."

"बघलात? मी इलंय म्हणान."

ती खूश झाली. बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. तिने माझ्या कपातला अर्धा घेतला, कारण तिच्या चहात साखर जास्त झाली होती. घरी आलो, तिने भात टाकला, काल उरलेलं सुक्या बांगड्याचं तिखलं गरम केलं, आम्ही जेवलो. ती पडली. चार वाजता मी चहासाठी हाक मारली तर उठली नाही.

आता मी खिडकीशी वेळ का विचारली ते सांगतो.

गिरण्यांच्या संपाच्या वेळी मी मिलच्या साळखात्यात होतो, मागावर. पहिला महिना गंमत वाटली. मग एकेक जण गावाला जायला लागला. आमच्या खोलीत जेवायला येणारे सहा एकटे गडी होते, त्यांना बायको जेवण करून घालायची. तेही गेले. ती दादरला दोन घरी पोळ्या करायला जायला लागली. मी मोर्चाला जायचो आणि येऊन झोपायचो. आमची एकच मुलगी, तेव्हा बालवाडीत होती.

त्या दिवसांत अख्ख्या चाळीला फोन म्हणजे नाक्यावरच्या वाण्याचा. गावाहून ट्रंक कॉल आला तर तिथं यायचा आणि वाणी निरोप द्यायचा. द्यायचा म्हणजे आठवण राहिली तर. एकदा बायको तांदूळ आणायला गेली होती. वाण्याने तांदूळ जोखला आणि पुडी बांधता बांधता म्हणाला, अरे हां, परवा तुमच्या गावाहून फोन आलेला, तुमचे वडील सिरियस आहेत. परवा. तोवर तिच्या वडिलांना अग्नी देऊन झाला होता. आम्ही एसटीने पोचलो तेव्हा घरात फक्त दिवा होता.

 त्या दिवशी ती तांदूळ वाण्याकडेच ठेवून घरी आली होती. गावाहून परतल्यावर तिने टेलिफोन ऑफिसात जाऊन फोनसाठी नाव नोंदवलं. स्वतःचं नाव. मला विचारलं नाही. आमच्या घरात दोन वेळचं धड नव्हतं आणि बाई फोनचा अर्ज करून आली. चाळीत लोक हसले. मीही हसलो. एक जण मला म्हणाला, काय रे, आता मंत्र्याला फोन लावून संप मिटवणार काय तुझी बायको?

संप मिटलाच नाही. कुणी मिटवला नाही, कुणी मागे घेतला नाही, तो नुसता विरून गेला. मी कॉटन ग्रीनला गोदामात गठ्ठे उचलायला लागलो. आधी जो कापूस विणत होतो तोच पाठीवर. आमच्या मिलचं कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर निघायला लागलं, स्वस्तात. धोतर फाटलं की कळायचं, पण लोक तेच घ्यायचे. स्वस्त मिळत असेल तर माणूस घेणारच. मीही घेतलं.

फोन आला तेव्हा मुलगी दहावीला होती. बालवाडी ते दहावी, हिशोब करा. तेव्हा फोन द्यायचा तर एकाच सरकारी ऑफिसाने. दुसरीकडे जाता येत नव्हतं. रांगेत उभं राहायचं, साहेब म्हणायचं आणि वाट बघायची. लाइनमन आला तर त्याला लोक देवासारखा चहा द्यायचे. दिवाळीला तो यायचा तेव्हा हात रिकामा ठेवून चालायचं नाही, नाहीतर जानेवारीत फोन आजारी पडायचा. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो. ती त्याला करंज्या द्यायची.

फोन आल्यावर तिने त्याला हळद-कुंकू वाहिलं. मी म्हटलं, हा काय देव आहे? ती म्हणाली, "गप ऱ्हवा."

पुढच्या महिन्याभरात आमचा नंबर अख्ख्या चाळीचा झाला. नोकरीच्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर, शाळेत, दवाखान्यात लोक आमचा नंबर लिहायचे आणि पुढे पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याकडे आहे, बोलावून द्यावं लागेल. कोण कोण लिहायचं ते मलासुद्धा माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. फोन वाजला की ती ग्यालरीत जायची आणि तिसऱ्या माळ्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायची. माणूस धावत यायचा, आमच्या खाटेवर बसून बोलायचा, आमचं जेवण चाललेलं असलं तरी. मला ते आवडत नसे. मी पाठ करून जेवायचो.

तिचा एक नियम होता. वाईट बातमी तिने कधी ओरडून सांगितली नाही. तसा फोन आला की ती पदर नीट करायची, चपला घालायची, चाळीतल्या चाळीत चपला, आणि त्या घरी जाऊन बसायची. आधी म्हणायची, चहा ठेव गो. चहा झाल्यावर सांगायची. त्यामुळे आमच्या चाळीत तिची हाक ऐकली की लोकांना बरं वाटायचं. ती गप्प दारात येऊन उभी राहिली की घरातली बाई हातातलं काम टाकून खाली बसायची. एकदा ती नुसती विरजण मागायला गेली होती, तर त्या घरातली बाई आधी रडायलाच लागली. त्यावर चाळीत किती दिवस हसणं चाललं होतं.

तिच्या हातून एकही निरोप राहिला नाही. एकही नाही. भर पावसात गुडघाभर पाण्यातून शेजारच्या चाळीत गेलेली मी बघितली आहे, कुणाच्या तरी बहिणीला मुलगा झाला एवढं सांगायला.

मग कंपन्या आल्या. रस्त्यावर रंगीत छत्र्या लावून माणसं बसायला लागली. फोटो द्या, रेशनकार्डाची झेरॉक्स द्या आणि उभ्या उभ्या नंबर घेऊन जा. मला तर खरं वाटेना. ज्याच्यासाठी आम्ही एक पोर बालवाडीतून दहावीला जाईपर्यंत थांबलो, ते वडापाव खाता खाता मिळायला लागलं. एका कंपनीचं नाही आवडलं तर दुसरीकडे जा, नंबर तोच ठेवून. मी पहिल्यांदा त्यांच्या ऑफिसला फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी मला सर म्हणाली. आयुष्यात मला कुणी सर म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी उगाच पुन्हा फोन केला.

मी कंपन्यांना नावं ठेवणार नाही. लोकांचं भलंच झालं. कोळीवाड्यातली मावशी धक्क्यावरून मासळीचा भाव विचारायला लागली, कुणाच्या खाटेवर बसून बोलायची गरज राहिली नाही. फक्त आमचा फोन वाजायचा बंद झाला. आधी दिवसाला वीस वेळा, मग दहा, मग दोन. मग फक्त गावाहून तिच्या बहिणीचा, रविवारी. बहीणही गेली. तरी ही रोज सकाळी फडक्याने फोन पुसायची. मी म्हटलं, काढून टाकूया आता. मुलीने मोबाइल दिलेला आहे. ती म्हणाली, "कोणाकडे हाच नंबर असलो तर?"

"कोणाकडे?"

"माका काय म्हायती. म्हणानच म्हणतंय."

मोबाइल तिने डब्यात ठेवला होता, डाळीच्या बाजूला. वाजला की डब्यातून आवाज यायचा.

मग पावसाळ्यात घरातला फोन मेला. मी तीनदा तक्रार केली, ते खरं. तिसऱ्या वेळी खिडकीतला माणूस डबा खात होता. म्हणाला, केबल भिजली आहे, पाऊस संपू दे, मग बघू. आणि पोळीचा घास मोडला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा ह्या लोकांचा पगार एक तारखेला होत होता. आमच्यासाठी ह्यांच्यातलं कोण रडलं? आता कंपन्यांमुळे ह्यांच्यावर पाळी आली आहे, तर जाऊ देत ह्यांचंही ऑफिस. मी तिथल्या तिथे फोन परत करायचा अर्ज मागितला. त्याने दिला. म्हणाला, ज्यांच्या नावावर फोन आहे त्यांची सही लागेल.

सही ती देणार नाही हे मला माहीत होतं. मी दुसरी शिकलेला, ती चौथी. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. ती गणपतीच्या आरतीला खाली गेली होती तेव्हा मी जुन्या रेशनकार्डावरची तिची सही काढली आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गिरवत बसलो. मिलमध्ये सतरा वर्षं दोन दोन माग सांभाळले, पण तिच्या नावाची वळणं मला जमेनात. पान भरलं तेव्हा कुठे जमली. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. त्याने त्यावर काहीतरी लिहिलं, इन्स्ट्रुमेंट आणून जमा करा म्हणाला, म्हणजे फोनचा डबा. तो मी कसा नेणार? ती रोज पुसत होती. मी होय म्हटलं आणि आलो. माझ्या समजुतीप्रमाणे फोन त्या दिवशी बंद झाला.

सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू. दर महिन्याला तक्रारीला जातो म्हणून घरातून निघायचो, भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर तास-दीड तास बसायचो आणि परत यायचो. ती विचारायची, मी काहीतरी सांगायचो. बिल मुलगी तिच्या तिच्या मोबाइलवरून परस्पर भरायची, त्यातलं मला काही कळत नाही. आणि एका सोमवारी ही चपला घालून दारात उभी राहिली.

चार वाजता ती उठली नाही तेव्हा मी ग्यालरीत येऊन ओरडलो. मला दुसरं काही सुचलं नाही. समोरच्या खोलीतली म्हातारी वयनी आधी आली. मग सगळे. मुलगी अँटॉप हिलहून जावयासोबत आली. पोरांनी दहा मिनिटांत मोबाइलवरून सगळ्यांना कळवलं, गावालासुद्धा. सहा वाजता पन्नास माणसं जमा झाली. बातमी सांगण्याआधी कुणाला चहा ठेवायला सांगावं लागलं नाही. रात्री आठच्या आत तिला भोईवाड्याच्या स्मशानात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी सदरा घातला. वयनीने दारात अडवलं.

"भावोजी, सुतकात खय चाललास?"

"काम आसा."

"आज? मानसा काय म्हणतली?"

मुलगी रडायला लागली. तिला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. मी म्हटलं, तासाभरात येतो, आणि निघालो. एकट्याला रस्ता ओलांडायला एकच सिग्नल पुरला.

ऑफिस उघडलं होतं. कालचाच माणूस होता. काल मी त्या जागेकडे नीट बघितलं नव्हतं. पूर्वी तिथं आठ खिडक्या आणि आठही माणसांनी भरलेल्या. आता एक उघडी. आत टेबलांवर टेबलं उलटी घालून ठेवलेली, खुर्च्या एकात एक. बाकीचे लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले असं त्याने नंतर सांगितलं. संपानंतर पगाराचं विचारायला मी एकदा मिलमध्ये गेलो होतो, तेव्हा आमचं साळखातं असंच दिसत होतं. ह्यांचंही जाऊ दे असं मी म्हणालो होतो. गेलेलं होतं. मला काही बरं वाटलं नाही.

"काल तुम्ही टाइम विचारायला आला होतात ना?" तो म्हणाला.

मी होय म्हटलं. मग सांगितलं की मी चार-पाच महिन्यांपूर्वी फोन परत करायचा अर्ज दिला होता, तो मला मागे घ्यायचा आहे. फोन नको, नुसता अर्ज परत द्या. त्याने नंबर विचारला. तो मला झोपेतही येतो. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं, मग उठून कपाटातून फाइल काढली.

"अर्ज आहे की. पण तुम्ही इन्स्ट्रुमेंट जमा केलं नाही. त्याच्याशिवाय हे पुढे जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे फोन चालू आहे. रेकॉर्डला चालू आहे. बिल पण भरलेलं आहे."

मी म्हटलं, घरात तर मुका आहे. तो म्हणाला, केबल पावसात गेली होती, ती दिवाळीच्या आधीच बदलली. शेजारच्या चाळीतल्या दोघांचे फोन तेव्हाच सुरू करून दिले, त्यांची तक्रार होती. तुमच्या जुन्या तक्रारी हा अर्ज आल्यावर बंद करून टाकल्या. त्यानंतर तुमची तक्रार नाही.

"एकही नाही?"

"एकही नाही, काका. काल तरी द्यायची."

मी खिडकीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. काल ती सहा हातांवर बाकावर बसली होती. मी एक वाक्य बोललो असतो तर. चार महिन्यांत कधीही बोललो असतो तर.

त्याने विचारलं, काय झालं, पाणी देऊ का. मी म्हटलं, जिच्या नावावर फोन आहे ती बाई वारली. माझी बायको.

"कधी?"

"काल. इथून घरी गेल्यावर."

तो उठून उभा राहिला. "त्या बाकावर बसल्या होत्या त्या?"

मी मान हलवली.  त्याने फाइलमधून अर्ज सोडवला आणि माझ्यापुढे सरकवला. मी घेतला नाही. त्याला म्हटलं, "साहेब, ह्याच्यावरची सही तिची नाही. मी केलेली आहे. तुम्हाला काय करायचं ते करा."

त्याने सहीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आता हे मला कशाला सांगता, काका?"

"तिला सांगायचं राहिलं."

त्याने अर्ज उचलून माझ्या हातात दिला आणि खाली बसला. म्हणाला, नाव बदलायचं असेल तर मृत्यूचा दाखला लागेल, ते सावकाश करा, घाई नाही. मग विचारलं, तक्रार लिहून घेऊ का. मी म्हटलं, लिहा. त्याने लिहिली. मला वाचून दाखवली. फोन बंद आहे, एवढंच होतं.

"लाइनमन एकच आहे आता, पण आज दुपारी पाठवू शकतो. घरी कुणी असेल ना?"

"आज घर भरलेलं आहे," मी म्हटलं. "आज नको. दिवस होऊ देत. लोक गेल्यावर पाठवा."

त्याने कॅलेंडर बघून तारीख टाकली. मी विचारलं, किती वाजता येईल. तो म्हणाला, वेळ नाही सांगता येणार, सकाळी येईल नाहीतर संध्याकाळी.

मी घरीच असेन, म्हटलं.